अकेयोचं गार पाणी

शिसारी येते मला त्या दिवसाची. आणि त्यात अकेयोचं नाव यावं, हे तर अजिबात सहन होत नाही.

किसुमूच्या आमच्या दवाखान्यात ही बाई अठरा वर्षं डॉक्टरांच्या शेजारी उभी राहून पाणी मारतेय. दातासाठी हाडात स्क्रू बसवायचा तर आधी ड्रिलने भोक पाडावं लागतं, आणि ड्रिल तापलं की हाड मरतं. मेलेलं हाड स्क्रू धरत नाही. म्हणून ती सलाइनच्या बाटल्या आदल्या दिवशीच फ्रिजात ठेवते. तिथे कुणी आपला माशांचा डबा सरकवला तर असं तोंडसुख घेते की विचारू नका! मीही तिची बोलणी खाल्लीत.

त्या दिवशी खुर्चीत ओगुटू गुरुजी होते. आमच्या लुओ लोकांत पूर्वी पोरगं वयात आलं की खालचे पुढचे सहा दात उपटत. गुरुजींचेही काढलेले. साठ वर्षांत तिथलं हाड अरुंद आणि दगडासारखं टणक झालेलं. बाकीचे दात म्हातारपणाने गेले, आणि कवळी इतकी हलायची की एका रविवारी चर्चमध्ये वाचता वाचता थेट बायबलवर पडली. लोक हसले. तेव्हापासून गुरुजी वाचायला उभेच राहिले नाहीत. दोन स्क्रू बसले की कवळी त्यांवर घट्ट अडकणार होती. म्हाताऱ्याची आस एवढीच.

आमचे नवे डॉक्टर म्वाचोफी किनाऱ्याकडचे. कॉम्प्युटरवरून बनवलेला प्लास्टिकचा साचा जबड्यावर बसवून ते म्हणाले, "आता चुकायचा प्रश्नच नाही." साच्याच्या उजव्या कडीतून ड्रिल घातलं आणि दाबतच राहिले. ड्रिलही कितव्यांदा वापरलेलं, देव जाणे. पाणी प्लास्टिकवर आपटून गुरुजींच्या घशात चाललं होतं, भोकात थेंब नाही.

"डॉक्टर, जरा वर काढा," अकेयो म्हणाली. "पाणी खाली पोचत नाहीये."

"सिस्टर, तुम्ही पाणी मारा. डॉक्टरकी मला करू द्या."

मग वास आला. शिंग जाळल्यासारखा. मी थुंकी ओढायची नळी धरून उभी होते. अकेयो पाणी मारत राहिली. मी थुंकी ओढत राहिले.

दुसऱ्या, डाव्या भोकाआधी मात्र ती गुरुजींच्या कानाशी वाकली. डॉक्टरांना आमची भाषा येत नाही. "गुरुजी, मी खांद्याला बोट लावलं की हात वर करा. दुखो न दुखो."

पेशंटचा हात वर गेला की ड्रिल थांबवायचं, हा दवाखान्याचा नियमच. आणि गुरुजींनी काय हात वर केले! दर वेळी डॉक्टर चरफडत ड्रिल बाहेर काढत, आणि अकेयो पिचकारीची वाकडी सुई साच्याखाली सारून भोकात गार पाणी सोडी.

"अहो बाबा, दुखतंय तरी कुठे?" डॉक्टर वैतागले.

"सगळीकडे," गुरुजी आ वासल्या तोंडाने म्हणाले.

तीन महिन्यांनी डावा स्क्रू खिळ्यासारखा घट्ट होता. उजवा बोटाने हलवताच बाहेर आला. डॉक्टरांनी तो हातात धरून सांगितलं, "या बाजूचं हाडच कमकुवत. वय झालं." फाइलमध्ये तसं लिही म्हणाले. मी लिहिलं. थू माझ्या जिंदगीवर!

"एकाच जबड्यात, इकडे घट्ट आणि दोन बोटांवर कमकुवत?" गुरुजी अकेयोकडे वळून म्हणाले. "काय गं सेमेकडच्या लेकी, खरं काय ते तू सांग."

अकेयोने उत्तर मुद्दाम स्वाहिलीत दिलं, डॉक्टरांना कळावं म्हणून. "हाड चांगलं होतं, गुरुजी. आम्ही जाळलं. मला वास आला होता, आणि नोकरीच्या भीतीने मी तोंड मिटून बसले."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. गुरुजी माझ्याकडे वळले.

"तूही होतीस ना तिथे? तुला आला का वास?"

डॉक्टर माझ्याकडे बघत होते. अकेयोही.

"मला सर्दी झाली होती," मी म्हणाले.