ट्रामसाठी कानटोपी

नात मला ऑस्ट्रियाला नेणार आहे, तेही गाडी न घेता, ट्रेन आणि ट्रामने. म्हणून लोकरीचे कपडे घ्यायला चिकपेटच्या बाजारात गेले. दुकानात माझ्याच वयाची एक बाई भर उन्हाळ्यात नवऱ्याला कानटोपी घालून बघत होती. तो घामाघूम, आणि ही टोपी दोन्ही हातांनी आणखी खाली ओढतेय. मग स्वतः हातमोजे चढवून ती पर्समधून मेट्रोचं कार्ड काढायचा सराव करू लागली. कार्ड पडलं की नवरा निमूट उचलून द्यायचा.

"तिकडे परदेशात ट्राममध्ये चढताना मोजे काढत बसायला वेळ कुठला, अक्का?" ती मला म्हणाली.

"मग गाडीच घ्या की भाड्याने."

"नको बाई. लग्नापासून गाडीत ह्यांचा डावा कानच बघत आले. आता कान झाकते, ट्राममध्ये समोर बसवते आणि स्वल्प तोंड बघते."

"बघण्यासारखं काही उरलं नाही," टोपीतून आवाज आला.

आमच्या ह्यांनाही असंच ट्रेनने परदेश हिंडायचं होतं. पण मी तेव्हा महाराणी. "परदेशात जाऊन बसस्टॉपवर उभी राहू?" म्हटलं, आणि ते राहूनच गेलं. ह्यांनी बिचाऱ्यांनी गाडी घेतली, आणि होते तोवर मला मैसूर-मडिकेरी फिरवलं. मी शेजारी रुबाबात बसून, रस्त्यावरचे लोक आपल्याकडे बघतायत का, तेवढंच बघायची.

त्या बाईने निदान कान तरी बघितला होता.