थेल्माचे चार शब्द

थेल्मा ऑर्मरॉड आणि मी लँकाशायरातल्या पडद्याच्या कापडाच्या गिरणीत पंधरा वर्षं शेजारी-शेजारी बसलो. तक्रारींची खोली आमची. खिडक्या उत्तरेकडच्या, कारण उन्हात रंगाची पारख चुकते. गिऱ्हाइकं पत्रासोबत पडद्याचा तुकडा कापून पाठवायची. थेल्मा तुकडा बघून शब्द ठरवायची, मी उत्तर टाइप करायची, खाली सही तिची.

आमच्या इंग्रजीत रंग गेलेल्या कापडासाठी शब्द पुष्कळ आहेत, पण गिरणीत चारच चालत. ‘फेडेड’ म्हणजे रंग मुळातच कच्चा; चूक आमची, नवं कापड द्यायचं. ‘ब्लीच्ड’ म्हणजे उन्हानं उडाला. ‘वॉश्ड आउट’ म्हणजे धुऊन धुऊन घालवला. ‘डिसकलर्ड’ म्हणजे धुरानं काळवंडला. या तिन्हींत दोष गिऱ्हाइकाचा, आणि आम्ही फक्त दिलगीर.

थेल्माची नजर पक्की होती. ती शिवण उसवून आतला रंग बघायची, कापड नाकाला लावायची आणि म्हणायची, “ही बाई सोडा घालून उकळते.” सोळाव्या वर्षी गिरणीत आली तेव्हापासून तिनं दुसरं काही केलं नव्हतं.

एकसष्टच्या हिवाळ्यात निळ्या कापडाची एक आख्खी खेप बिघडली. चार महिन्यांत टेबलावर निळ्या तुकड्यांचा ढीग लागला. आमचे साहेब मिस्टर क्लेग यांनी सांगितलं, सगळ्यांना ‘ब्लीच्ड’ लिहायचं. थेल्मानं त्यांना उसवलेली शिवण दाखवली. आतला रंगही तितकाच गेलेला होता, आणि शिवणीच्या आत ऊन जात नाही. साहेब म्हणाले, ते मला दिसतंय, तरी तेच लिही.

तिनं लिहिलं. रोज दहा-बारा पत्रं. दुपारी आम्ही डबा उघडायचो, तर ती पाव हातात धरून नुसती बसायची.

मार्चमध्ये सॅलफर्डच्या एका पिलिंगबाईंचं दुसरं पत्र आलं. त्यांनी लिहिलं होतं, तुम्ही म्हणता उन्हानं रंग गेला, तर एकदा येऊन ते ऊन मला दाखवा. खोलीत सगळे हसले. थेल्मा हसली नाही. शनिवारी मला घेऊन ती बसनं सॅलफर्डला गेली.

पिलिंगबाई तळघरातल्या एका खोलीत राहत. खिडकीसमोर हातभर अंतरावर विटांची भिंत. भर दुपारी दिवा लावलेला. निळा पडदा आता राखेसारखा दिसत होता. बाईंनी आम्हाला चहा दिला. बोलण्यात राग नव्हता.

“नवऱ्याच्या आजारपणात घेतला होता,” त्या म्हणाल्या. “तो म्हणायचा, बाहेर भिंत आहे तर आत तरी आभाळ असू दे. ते आभाळ सहा आठवडे टिकलं बघा.”

थेल्मानं पडद्याची खालची दुमड उलटली, बोट फिरवलं आणि म्हणाली, “हा रंग आमच्याकडूनच गेलाय, बाई. तुमची काही चूक नाही.”

सोमवारी तिनं मला ‘फेडेड’ टाइप करायला सांगितलं. पत्र गेलं, नवं कापडही गेलं. बुधवारी साहेबांनी तिला बोलावलं. दार उघडंच होतं. ते आवाज चढवून बोलले नाहीत.

“आईचं छातीचं दुखणं कसं आहे, थेल्मा?”

“हिवाळ्यात त्रास होतोच, साहेब.”

“घर कोरडं आहे ना?”

“हो.”

“कुणाचं आहे ते?”

“गिरणीचं.”

“मग झालं तर,” ते म्हणाले.

ती परत येऊन बसली. पुढचा निळा तुकडा उचलला, शिवण न उसवताच मला म्हणाली, “ब्लीच्ड.” त्यानंतर सही साहेबांची व्हायला लागली. शब्द मात्र तिच्याकडूनच घ्यायचे.

अडुसष्टमध्ये तिची आई गेली. मी म्हटलं, अगं, आता तरी सोड. ती मँचेस्टरला एका मोठ्या दुकानात मुलाखतीला गेली. तिथं विचारलं, काय येतं तुम्हाला? ती म्हणाली, कापडाचा रंग कशानं गेला ते सांगता येतं. तिथली मुलगी हसली. वाईट मनानं नाही, पण हसली. थेल्मा दुपारच्या बसनं परत आली आणि दुसऱ्या दिवशी टेबलावर हजर.

सहा वर्षांनी गिरणी बंद झाली. साहेबांना निरोपाचं घड्याळ मिळालं. गिरणीची घरं एका दलालानं घेतली; थेल्मा भाडेकरू म्हणून आहे तिथंच राहिली. गेल्या महिन्यात भेटायला गेले होते. मी एकदाचं विचारलं, त्या बुधवारी उठून का नाही गेलीस?

“कुठं जायचं?” ती म्हणाली. “पलीकडच्या गिरणीतही हेच चार शब्द होते.” मग माझ्या कपात चहा ओतला आणि माझ्या गुडघ्यांची चौकशी केली.