लँथॅनम भाजून घ्यायचं असतं

थोरली जाऊ प्रयोगशाळेत लागली तेव्हा धाकटी अजून घरात आलेली नव्हती. थोरलीच्या मते शास्त्राचा तो सुवर्णकाळ. पुढे दिराचं लग्न झालं, धाकटीही रसायनशास्त्रच शिकलेली निघाली, आणि सासूबाई हौसेने म्हणाल्या, "तुझ्याकडेच चिकटव की तिला." थोरलीने चिकटवलं. माणूस स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतो तेव्हा तो धोंडा बहुतेक वेळा सासरचाच असतो.

काम होतं फ्युएल सेलच्या इलेक्ट्रोडचं. सेलच्या एका बाजूने हायड्रोजन, दुसऱ्या बाजूने हवा, मध्ये पोटॅशचं पाणी. यातून वीज निघते. पण हवेतला ऑक्सिजन महाआळशी. त्याला कामाला लावायला प्लॅटिनम लागतं, आणि ते कुणाला परवडतंय? म्हणून लँथॅनम आणि मँगनीजची ऑक्साइडं खलात घोटायची, भट्टीत तापवून पेरोव्स्काइट नावाची काळी भुकटी करायची, काजळीत कालवून निकेलच्या जाळीवर दाबायची आणि वीज किती येते ते पाहायचं. दोघी आपापली भुकटी करत. जिची सरस, तिची मोठ्या सेलमध्ये जाणार होती. त्या सेलची वाट थोरली नोकरीला लागल्यापासून पाहत होती.

सरस ठरत होती धाकटीची. पुन्हा पुन्हा.

"धाकट्या बाईंच्या हाताला गुण आहे," प्रयोगशाळेचे सर म्हणाले. रात्री जेवताना सासूबाईही तेच म्हणाल्या, भाजीबद्दल. भाजीचं थोरलीने सोसलं असतं.

ती धाकटीवर नजर ठेवू लागली. एकदा काचेच्या दारातून तिला दिसलं: धाकटीने लँथॅनम ऑक्साइडची बरणी उघडली आणि चमच्याने पांढरी पूड सरळ तराजूवर घातली. भाजली नाही! हे ऑक्साइड हवेतलं पाणी पीत बसतं. भाजून कोरडं न करता तोललं, तर लँथॅनमच्या भावात पाणी जातं. थोरलीच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

"अगं, असंच तोलतेस? वजनात पाणी येतंय तुझ्या!"

"अगंबाई! म्हणजे ताई, माझं सगळं चुकतच आलंय?"

"पहिल्यापासून," थोरली मायेने म्हणाली.

धाकटी सांगितलेलं ऐकायची, हाही तिचा एक खुपणारा गुण. तिने भाजून, निववून तोललं. नव्या भुकटीची वीज घसरली आणि थेट थोरलीच्या भुकटीपाशी येऊन थांबली. त्या संध्याकाळी थोरलीने घरात सगळ्यांना न मागता चहा दिला.

सरांनी दोघींना बोलावलं. "एकदम पडली कशी?"

"ताईंनी सांगितलं म्हणून भाजून घेतलं," धाकटी म्हणाली. "आधी ओलंच तोलायचे. माझीच चूक."

सर खुर्चीवरून उठलेच. "म्हणजे आधीच्या भुकटीत लँथॅनम कमी पडत होतं, आणि म्हणूनच ती चालत होती! आता मुद्दाम कमी घालायचं. नेमकं किती, ते थोडं थोडं कमी करत शोधू." ते थोरलीकडे वळले. "हे तुमच्याशिवाय कुणाला जमायचं नाही. इतकं काटेकोर कोण तोलतं?"

थोरली भाजे, निववे, अचूक तोले, आणि मग चिमटी-चिमटीने कमी करी. धाकटी शेजारी उभी.

"ताई, माझं याहूनही कमी असेल."

"किती कमी, ते तुला तरी माहीत होतं का?"

"नाही ना. म्हणून तर तुम्ही हव्यात."

हे ती मनापासून म्हणाली, त्यामुळे रागावायचीही सोय राहिली नाही.

अखेर थोरलीच्या हातची भुकटी मोठ्या सेलमध्ये गेली. आजवर आली नव्हती इतकी वीज आली. सरांनी बरणीवर चिठ्ठी चिकटवली: धाकट्या बाईंचं प्रमाण.

"चुकली तरी हिचं सोनंच होतं बघ!" सासूबाई म्हणाल्या.

"हो ना," थोरली म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तराजूच्या खोलीत कुणी नव्हतं. थोरलीने बरणी उघडली आणि चमचाभर पूड न भाजता सरळ तराजूवर घातली. आकडा स्थिर होईपर्यंत त्याच्याकडे पाहिलं. मग दाराकडे पाहिलं, सगळी पूड मुशीत ओतली आणि मूस भाजायला भट्टीत ठेवली.