बिराजदार सरांचा प्लस

बिराजदार सर चोर आहेत, असं मी कॉलेजात असताना समजत होते.

आज सकाळी सर गेले.

सोलापुरात बीएस्सीला ते आम्हाला मेकॅनिक्स शिकवायचे. पुस्तकातली सगळी गणितं माझी करून झाली होती. म्हटलं, "सर, अजून अवघड द्या की."

दुसऱ्या दिवसापासून सुरू. जुन्या हजेरीपत्रकाच्या पाठीमागं पेन्सिलनं लिहिलेलं एक गणित. कुठल्या पुस्तकातलं ते लिहिलेलं नाही, उत्तर नाही.

"सर, उत्तर?"

"तूच आण की."

मी सोडवून नेलं की कागद घडी घालून त्यांच्या खिशात. परत कधीच मिळायचा नाही.

मी मुळात संशयी. आई म्हणते, ही दुधवाल्यासमोरच दूध चाखून बघते. त्यात मैत्रीण लक्ष्मी म्हणाली, "अगं येडे, सर पुस्तक काढायलेत. डोकं तुझं, नाव त्यांचं!"

झालं. डोक्यात किडा वळवळायला लागला.

मी सापळा लावला. उभ्या, गरगर फिरणाऱ्या कड्यात ओवलेल्या मण्याचं गणित होतं. आधी बरोबर सोडवलं, मग एका प्लसचा मुद्दाम मायनस केला. म्हणजे माझ्या उत्तरात कडं कितीही जोरात फिरवा, मणी आपला तळाशीच; खरा तर तो वर चढतो. हा मायनस पुस्तकात छापून आला, की सर सापडले!

दुसऱ्या दिवशी सर लॅबच्या दारात उभे. हातात त्यांचा स्वतःचा कागद, खोडून खोडून भोक पडलेला.

"माझा प्लस येतोय गं. चारदा केलं. पण तू चुकायची न्हाईस. मी खोडलं माझं."

सरांनी तो कागद घडी घालून खिशात टाकला.

"खरं सांगू का? मला जी नीट सुटत न्हाईत, तीच तुला देत होतो. तुझं बघून शिकायलो होतो. वर्गात कसं सांगणार?"

तेव्हाच बोलायला हवं होतं. जीभच रेटली नाही.

जाताना म्हणाले, "आता तुला देण्यासारखं माझ्याकडं काय न्हाई बघ."

त्यानंतर एकही गणित आलं नाही. पुस्तकबिस्तक तर कधीच निघालं नाही.

पुढं कुठंही भेटलो की सर चारचौघांत सांगायचे, "हिनं माझी चूक काढली होती." केवढा अभिमान! आणि मी नुसती हसायचे. लिहितानाही लाज वाटतेय.

सर, तुमचा प्लस बरोबर होता.
मायनस मी मुद्दाम घातला होता, तुम्हाला पकडायला.

हे तुम्ही असताना सांगायचं होतं.

माफ करा सर. शेवटचा नमस्कार.