राजकन्येला विचारलं का?

मला गोष्टी सांगता येत नव्हत्या, पत्रकं लिहिता येत होती. दारूबंदीचं, बालविवाहाचं, गावच्या नळाचं. तिसऱ्या ओळीत संताप, शेवटी मागण्या. कळंबजवळच्या एका गावातल्या शाळेत दर शनिवारी शेवटच्या तासाला मुलांना गोष्टी सांगायचं काम मिळालं, तेव्हा मी राजाराणीच्या गोष्टींवरही तशीच तुटून पडले. राक्षस मारेल त्याला अर्धं राज्य आणि वर राजकन्या? ती काय चहाच्या पुड्यावर फुकट मिळणारा चमचा आहे? मी ती गोष्ट नव्यानं लिहिली. माझ्या मते विनोदी.

मुलं हसली नाहीत. पण सहावीतल्या एका मुलीनं त्यातलं एक वाक्य उचललं. घरी पाहुणे बसलेले असताना तिच्या आजोबांनी जाहीर केलं, की सुट्टीत ही मावशीकडं सोयाबीन काढायला जाणार. ती म्हणाली, "राजकन्येला विचारलं का?" पाहुणे पोट धरून हसले. आजोबा हसले नाहीत. आणि आजोबा शाळा समितीचे अध्यक्ष होते.

पुढच्या शनिवारी ते शेरडं कुंपणाला बांधून थेट वर्गात आले. "हे गोष्टीचं बंद करायचं. पोरी उलटं बोलाय लागल्या."

मी सात मुद्द्यांचं उत्तर तयार करून आणलं होतं. पण मोठ्या बाई माझ्यापेक्षा शहाण्या. "आबा, आधी ऐका तरी. मग बंद करा," असं म्हणून त्यांनी खुर्ची पुढं सरकवली.

मी गोष्टीचा कागद काढला आणि वाचायला लागले. राजा अन्यायी होता, दरबार लाचार होता, प्रजा मुकी होती. आबांनी हात वर केला.

"ताई, ही गोष्ट हाय का पत्रक?"

मुलं हसली. दोन आठवड्यांतलं पहिलं हसू, तेही माझ्यावर.

"आन् हूं कोण म्हणतंय? ऐकणाऱ्यानं हूं म्हटल्याबिगर सांगणाऱ्यानं फुडं जायचं नसतंय. तुमी भिताडाला सांगताय."

माझे कान तापले. पण खरं होतं. मी पोरांकडं एकदाही मान वर करून बघितलं नव्हतं. कागद पिशवीत कोंबला. "मग तुम्हीच म्हणा हूं."

"म्हणतो की. सांगा."

"राजानं दवंडी पिटली. राक्षस मारेल त्याला राजकन्या आणि अर्धं राज्य."

"हूं."

"राजकन्या वरून ओरडली, अर्धं म्हणजे कुठलं? विहिरीकडचं का माळाकडचं?"

"हूं. बराबर हाय. हद्द आधी ठरवावी."

सगळे राजकुमार हद्दीवरून भांडत बसले आणि राजकन्या एकटीच राक्षसाकडं गेली. माणसंच का खातोस, म्हणाली. राक्षस हुंदके देत म्हणाला, मला भाकरी थापता येत न्हाय. तिनं शिकवलं. पहिली भाकरी त्याच्या कोपराला चिकटली. दुसरीला त्यानं असा हात मारला, की परातीला भोक पडलं. पोरं एकमेकांच्या अंगावर पडून हसत होती. आबांचं हूं चढत चाललं होतं.

"राजा म्हणाला, राक्षस तर तूच जिंकलास. आता यातला एक राजकुमार निवड. राजकन्या म्हणाली, मला विचारलं का? मला लग्न नाही करायचं. मला शिकायचंय."

हूं आलं नाही.

आबा जमिनीकडं बघत होते. त्यांच्याच नियमानं मला पुढं जाता येत नव्हतं. ते आता उठले असते तर माझे शनिवार संपले होते, आणि त्या पोरीला घरी काय ऐकावं लागलं असतं कोण जाणे.

"आबा, हूं म्हणा की," मागून नात म्हणाली. "ताई अडकल्यात."

त्यांनी मान वळवून तिच्याकडं बघितलं.

"हूं," ते म्हणाले. "राजानं इचाराय पायजे होतं. चुकलंच त्याचं."

पुढं गोष्ट कशी संपवली ते मला आठवतसुद्धा नाही. आबा गुडघ्यावर हात टेकून उठले, दारापर्यंत गेले आणि थांबले.

"ताई, शेवटच्या तासाला नका ठेवू. पयल्या तासाला ठेवा. नंतर मला शेरडं सोडायची असत्यात."

त्यांचं मन बदलायच्या आत मोठ्या बाईंनी फळ्यावर नवी वेळ लिहून टाकली. मी आबांच्या खुर्चीत बसले आणि तांब्याभर पाणी एका दमात प्याले.