गंजीसारखी झाकलेली गाडी

माझ्या थोरल्या भावाला काहीही झाकायचं म्हटलं की तो ते शेतात रचलेल्या सोयाबीनच्या गंजीसारखंच झाकतो. आधी ताडपत्री, वरून नायलॉनची दोरी, दोरीच्या टोकांना दगड. दोरी इतकी ताणतो की ताडपत्रीवर बोट मारलं तर हलगीसारखा आवाज यावा. त्याच्या गंजीत कधी पाणी गेलं नाही, हे सगळं गाव सांगेल. तोही सांगतो, न विचारता.

धावड्याजवळच्या आमच्या गावी मी माझी पहिली गाडी घेऊन गेलो तो मे महिना होता. गाडी जुनीच, दुसऱ्याने वापरलेली, पण रंग गडद निळा आणि नव्यासारखा. मी बदनापूरच्या शाळेत शिकवतो. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिला, आणि ते थोरल्या भावामुळे. वडील गेले तेव्हा त्याने सातवीतून शाळा सोडली आणि मला सोडू दिली नाही. हे मी विसरलेलो नाही. विसरायची सोयही नाही, कारण तो दर सणाला आठवण करून देतो.

त्या सुट्टीत माझ्या मनात एकच गोष्ट होती. त्याची मुलगी दहावी झाली होती, चांगल्या मार्कांनी. गावात सायन्स नव्हतं. तिने बदनापूरला माझ्याकडे राहून अकरावी-बारावी करावी, असं मी, माझी बायको आणि वहिनी, तिघांनी ठरवलं होतं. भाऊ हो म्हणाला होता, पण तोंडातल्या तोंडात. त्याच्या हो-ला वेळ गेला की बुरशी लागते, हे मला माहीत होतं.

गाडी दारात उभी राहिली तशी वहिनीने ओवाळलं, नारळ फोडला आणि ओल्या हळदीकुंकवाने बॉनेटवर चांगलं ताटाएवढं स्वस्तिक काढलं. मला लगेच दुसऱ्या दिवशी प्रशिक्षणाला परगावी जायचं होतं. बदनापूरला भाड्याच्या घराला फाटक नाही, म्हणून गाडी गावीच ठेवायची ठरली. जालन्याहून आणलेलं चंदेरी कव्हर मी घातलं आणि एसटीने गेलो. रस्त्याची धूळ गाडीवर तशीच होती. धुतली असती तर स्वस्तिक गेलं असतं.

माझ्या मागे भावाने ते कव्हर पाहिलं. पातळ आहे, वाऱ्याने उडतं, असं म्हणत त्याने वरून मिरच्या वाळवायची ताडपत्री टाकली आणि दोरी ताणून दगड बांधले. मग अवकाळी पाऊस झाला, चांगला दोन दिवस, आणि मग पुन्हा मेचं ऊन. ताडपत्री कोणी काढली नाही. कशाला काढतील? गंजी विकायच्या दिवशीच उघडायची असते.

परत आल्यावर मी दोरी सोडली तेव्हा आधी वास आला. ओल्या पोत्याचा आणि मिरचीचा. टपावर आणि बॉनेटवर ताक सांडल्यासारखे पांढरे चट्टे. दोन्ही बाजूंच्या दारांवर दोरीखाली कव्हर घासून घासून ओरखडे, धूळ मधे सापडलेली, काचकागद फिरवल्यासारखे. आणि मधोमध स्वस्तिक. हळदीकुंकू हाताने पुसलं तरी खालच्या रंगात ते तांबूस, फुगीर उमटलेलंच राहिलं. वरून थेंब आत गेला नव्हता, पण ओल्या जमिनीतून वर आलेली वाफ कुठून जाणार होती?

मी दारात उभा राहून बोललो. गल्लीतली माणसं ओट्यावर आली इतक्या आवाजात बोललो. कोणी सांगितलं होतं झाकायला, काय गरज होती, माणूस काही विचारतो की नाही.

भाऊ तंबाखू मळत होता. मळणं थांबवलं नाही.

"पावसात भिजली असती तर मंग बोलला असतास, झाकली का न्हाई म्हणून."

"भिजली असती तर वाळली असती, दादा."

"बराबर. आम्ही अडाणी. तुम्ही मास्तर." तो घरात गेला आणि आतून म्हणाला, "पोरीचं अकरावीचं इथंच भोकरदनला पाहतो मी. बिलकुल जायचं न्हाई बदनापूरला."

भोकरदनला म्हणजे रोज एसटी, आणि पावसाळ्यात एसटी येईल तेव्हा. आमच्या गावातल्या किती मुलींची अकरावी त्या रस्त्यावर संपली, हे त्यालाही ठाऊक होतं.

मी राहिलो. गाडी तशीच घेऊन निघालो असतो तर मुलीचा विषय कायमचा मिटला असता. मोबाईलवर पाहून आणि जालन्याच्या एका पेंटरला फोनवर विचारून मी कामाला लागलो. आधी गाडी भरपूर पाण्याने धुतली, बादलीत फडकं बुडवायच्या आधी नळी मारून, म्हणजे उरलेली धूळ पुन्हा घासली जाऊ नये. मग दोन दिवस ती उघडी ठेवली. नुसती उघडी. पांढरे चट्टे ओलीचे होते, त्यातले निम्मे उन्हाने आपोआप गेले. भाऊ येता-जाता बघत होता. जेवायला बसलो की तो उठायचा.

तिसऱ्या दिवशी सकाळी, पत्रा तापायच्या आत, लिंबाच्या सावलीत मी रबिंग कंपाउंडचा, म्हणजे रंग घासून उजळायच्या मलमाचा, डबा उघडला. मऊ सुती फडक्यावर थोडंसं घ्यायचं, वीतभर जागा धरायची, हलक्या हाताने फिरवायचं, पुसून बघायचं. जोर लावला तर रंगावरचा काचेसारखा थर संपतो आणि मग काहीच उरत नाही. नख अडकत नाही ते ओरखडे जातात. नख अडकतं ते राहतात, त्यांना रंगाचं बोट लावण्याशिवाय उपाय नाही.

"गाडी हाय का नवरी?" भाऊ ओट्यावरून म्हणाला. भांडणानंतर माझ्याशी तो पहिल्यांदाच बोलत होता. "चोळून राह्यला नुसता. अजून हळद आणून देऊ का?"

"हळदीनंच तर हे झालंय."

"काय झालंय?" तो खाली उतरला. मी बॉनेटवर आलो होतो. माझं फडकं स्वस्तिकाच्या एका टोकावर होतं. "ते पुसतो का तू? देवाचं पुसतो?"

"डाग आहे तो, दादा."

"डाग." तो गल्लीकडे तोंड करून म्हणाला, "ऐका. घरच्या लक्ष्मीनं काढलेलं ह्याला डाग दिसून राह्यलं. शिकलेला माणूस हाय."

वहिनी चुलीवरून उठून आली, हात पिठाचे. "काढलं म्या आन् म्याच म्हणते पुसा भाऊजी. देवाला हळदकुंकू वाहते मी, पत्रा सोलायला न्हाई सांगितलं त्यानं."

"तू आत जा."

"जाते. भाकर करपली तर तुम्हीच खा."

ती गेली नाही. मुलगी तिच्या मागे येऊन उभी राहिली होती. भावाने तिच्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे बोट केलं.

"तुझ्या काकाला गाडीवरचा ओरखडा सोसला न्हाई. साऱ्या गल्लीदेखत थोरल्या भावाला बोलला. त्याच्या घरी तू दोन साल राहणार? उद्या तुझ्या हातून कपबशी फुटली तर?"

हे तो रागाने म्हणाला नाही. रागाने म्हणाला असता तर मीही आवाज चढवला असता. कपबशी फुटली तर फुटली, असं मी म्हणालो, पण ते मलाच पोकळ वाटलं.

मुलगीच बोलली. "फुटली तर काका बोलतील, बापू. इथं काय मी कमी बोलणी खाते? इथली खाऊन अकरावी होत न्हाई. तिथली खाऊन होईल."

समोरच्या ओट्यावर कोणीतरी हसलं. भावाचं तोंड लाल झालं. त्याने हात उगारला नाही, शिवीही दिली नाही. पायातली चप्पल नीट करत बसला. मग शेताकडे निघाला. जाता जाता माझ्याकडे न बघता म्हणाला, "पूस. पुरं पूस. अर्धं ठेवू नको."

दुपारपर्यंत बॉनेट झालं. वरून पॉलिश लावलं. तिरप्या उन्हात बारीक बघितलं तर खूण दिसते, नाहीतर नाही. डाव्या बाजूच्या पुढच्या दारावरचे दोन ओरखडे नखाला लागतात, ते आजही आहेत. कव्हर मी परत कधी घातलं नाही.

भोकरदनचं नाव भावाने पुन्हा काढलं नाही, तोच त्याचा होकार असं वहिनीने फोनवर सांगितलं. प्रवेशाच्या दिवशी मी गाडी घेऊन मुलीला आणायला गेलो. बॅग, गादी, वहिनीने दिलेला मिरचीचा मसाला, सगळं गाडीत ठेवलं. वडील म्हणून भावाला कॉलेजात यावं लागणार होतं. मी मागचं दार उघडून धरलं. तो म्हणाला, "मी एसटीनं येतो. तुझ्या गाडीला माझा हात लागला तर पुन्हा चोळत बसशील." आणि खरंच एसटीनेच आला, भोकरदनला एक गाडी बदलून, जालन्याला दुसरी. आम्ही कॉलेजच्या व्हरांड्यात वाट बघत बसलो. तो आला तेव्हा घामाने शर्ट पाठीला चिकटला होता.

कारकुनाने मला पुढे बोलावलं तसा तो मधे आला. "हा चुलता हाय. बाप मी." सही करायला त्याला वेळ लागतो, प्रत्येक अक्षर वेगळं काढतो. सही झाल्यावर त्याने मुलीला बाजूला घेतलं, काहीतरी विचारलं, तिने मान हलवली.

मी म्हणालो, "घरी चल दादा, जेवून जा."

"एसटी हाय माझी," तो म्हणाला आणि स्टँडकडे चालू लागला.

मुलगी बारावीला आहे आता. तिला भेटायला तो येतो, कॉलेजच्या फाटकापाशी उभा राहतो आणि माझ्या घरी न येता तिथूनच परत जातो.