पुराव्यासह स्पष्ट करा

जगातल्या यच्चयावत बायकांची तीन अंकांत वाटणी करणारा माणूस माझ्या पाहण्यात एकच आहे, आणि नेमका तोच माझा घरमालक आहे. महाळुंग्यात जिथे पूर्वी त्यांची भातखाचरं होती तिथे आता त्यांची चार मजली इमारत उभी आहे. हिंजवडीतल्या नोकरीसाठी परभणीहून आलेली मी तिच्या तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहते. पण त्यांना मालक कुणीच म्हणत नाही. सगळं गाव 'सर' म्हणतं, कारण निवृत्त होईपर्यंत ते एका कॉलेजात अकरावी-बारावीला मराठी शिकवत होते. खरं सांगायचं तर ते मराठी नव्हे, एकच नाटक शिकवत होते.

त्या नाटकातली कुसुम पहिल्या अंकात बापाच्या प्रत्येक शब्दाला 'हो' म्हणते, दुसऱ्या अंकात गप्प राहते, आणि तिसऱ्यात 'नाही' म्हणून उंबरा ओलांडते. पडदा पडतो. 'कुसुमच्या व्यक्तिरेखेचा विकास पुराव्यासह स्पष्ट करा' हा प्रश्न सर दरवर्षी घालायचे. पुढे नाटक अभ्यासक्रमातून गेलं, सरांच्या अंगातून काही गेलं नाही. मी खोली बघायला आले तेव्हा आधार कार्ड मागायच्या आधी त्यांनी विचारलं, "घरी विचारून आलीस की सांगून?" मी म्हटलं, "विचारून." ते बायकोकडे वळून म्हणाले, "पहिला अंक आहे. द्यायला हरकत नाही." तेव्हापासून जिन्यात भेटले की, "काय, दुसरा अंक कधी?" एकदा मी ऑफिसात मॅनेजरला रविवारी येणार नाही असं ठणकावलं, तर हा गृहस्थ खूश होऊन मला पेढा द्यायला तिसऱ्या मजल्यापर्यंत चढून आला.

दुसरं वेड पुराव्याचं. भाजीवाली म्हणाली, "मेथी ताजी हाय सर," की ह्यांचं, "पुरावा?" ती बाई मुकाट्याने जुडी झटकून त्यांच्या सदऱ्यावर पाणी उडवते आणि व्यवहार पुढे सरकतो. काकू, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, एकदा आमटी बरी झाल्याचं बोलल्या. सरांनी पुरावा मागितला, तेव्हा काकूंनी ताटच उचलून आत नेलं. वर्गातलं तर विचारूच नका. या भागात विकास म्हणजे टॉवर. त्यामुळे एका पोराने पेपरात लिहिलं होतं, 'कुसुमचा विकास झाला नाही, कारण सातबारा तिच्या बापाच्या नावावर होता.' सरांनी शून्य दिलं. तो पोरगा आता जमिनींची दलाली करतो आणि सर दिसले की गाडी थांबवून पाया पडतो.

सरांना एक मुलगा आणि एक मुलगी. मुलगा शेजारच्या गल्लीत राहतो. मुलीला हे नाटक लहानपणापासून तोंडपाठ. संध्याकाळी सर बाप व्हायचे, ती कुसुम, आणि काकू लसूण सोलत प्रेक्षक. शेवटी बाप गरजायचा, "या उंबऱ्याबाहेर पाय टाकलास तर हे घर तुला मेलं!" आणि परकराचा ओचा खोचून ती चिमुरडी म्हणायची, "मेलं असेल तर सुतक मी पाळीन, बाबा. पण मी जाणार." मग दोघंही पोट धरून हसायची.

गेल्या वर्षी रिहे गावातली शेवटची वडिलोपार्जित जमीन विकायला निघाली. बहिणीने हक्क सोडायचा आणि भावाने तिला साडीचोळी करायची, ही इकडची रीत. लेक आली, जेवली. ताटात ठेवलेली साडी समोर आली तेव्हा तिने ती हळूच मागे सरकवली आणि म्हणाली, "नाही." ज्या एका शब्दासाठी सरांनी आयुष्यभर पैकीच्या पैकी गुण दिले, तोच शब्द त्यांच्या पुढ्यात बसून त्यांची मुलगी बोलली.

त्यानंतरचं मला काकूंनी सांगितलं. "ह्यांना राग आला की बोलाय काय सुचतच न्हाई बघ. त्वांडातनं नाटकच भाईर पडलं. उंबऱ्याचं त्येच. आन् ती बी ह्यांचीच लेक, तिनं बी सुतकाचं म्हटलं. मला वाटलं, आता दोगं बी हासत्याल. कुनीच हासलं न्हाई गं."

ती जिना उतरून गेली ती आलीच नाही. सरांचा फोन ती उचलत नाही. जमीन तशीच पडून आहे. मला सरांचा राग येतो, आणि संध्याकाळी ते गेटपाशी नुसते उभे दिसले की जीवही तुटतो. एकदा असेच म्हणाले, "बापाच्या व्यक्तिरेखेवर मी एकदाही प्रश्न घातला नाही. पोरं विचारायची, सर, पुढं काय होतं? मी सांगायचो, पुढे पडदा." आणि मग, "त्या दलालाला शून्य द्यायला नको होतं."

एका रविवारी दुपारी ते वर आले, खुर्चीत टेकले आणि म्हणाले, "तुझ्या फोनवरून लावून दे." नंबर त्यांनी न अडखळता सांगितला. मी लावला, स्पीकर सुरू केला आणि फोन त्यांच्या हातात दिला. पलीकडून "हॅलो, कोण?" आलं. सरांचे ओठ नुसते हलले. ते काय आठवत होते कोण जाणे, पण त्या नाटकात तरी आता बोलण्यासारखं काही शिल्लक नव्हतं. "हॅलो?" पुन्हा आलं. तेव्हा सर म्हणाले, "जेवलीस का?"

मग "हो." आणि फोन बंद.

"हो म्हणाली," सर म्हणाले. फोन त्यांच्या हातातच होता. "कसं म्हणाली गं? पहिल्या अंकातलं न्हवतं ना त्ये?" त्यांच्या तोंडून गावाकडची बोली मी पहिल्यांदाच ऐकली.

"मऊ होता आवाज, सर," मी म्हटलं. खरं तर शेजारच्या साइटवर काँक्रीटचा मिक्सर घरघरत होता. मला 'हो' एवढंच ऐकू आलं होतं.

आता गुडघे दुखत असतानाही ते अधूनमधून तीन मजले चढून येतात. पाणी पितात, इकडचं तिकडचं बोलतात, आणि निघताना दारात थांबून विचारतात, "त्या दिवशी ती कसं म्हणाली होती?" मी तेच उत्तर देते. सर मान डोलावतात आणि कठडा धरून सावकाश खाली उतरतात. पुरावा मागत नाहीत.